अनमॅनेज्ड व्हीपीएस एकट्याने सांभाळता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या सर्व्हरवर, वर्डप्रेसच्या तीन साइट आहेत. एक स्वतःची, एक मेव्हण्याच्या दुकानाची आणि एक गावच्या सार्वजनिक वाचनालयाची. गर्दी वाढली की होस्टिंगवाले ‘रिसोर्स लिमिट ओलांडली’ म्हणून साइट बंद करतात. अनमॅनेज्ड व्हीपीएस (मोठ्या मशीनचा आपल्यापुरता वेगळा केलेला, आपणच सांभाळायचा सर्व्हर) साधारण तेवढ्याच पैशांत मिळतोय, पण लिनक्स जेमतेम येतं आणि आजवर सगळं कंट्रोल पॅनेलमधूनच केलंय. स्वतः शिकून असा सर्व्हर चालवता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

येईल. मी सोळा वर्षं हेच काम करतोय, आणि माझ्यासोबत शिकलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी त्याआधी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, कधी उघडलेलं नव्हतं. फक्त एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती पाळली तर पुढचं सगळं सोपं जातं: पहिले दोन महिने या सर्व्हरवर तुमची एकही खरी साइट ठेवू नका. सर्व्हर उभा करणं एका दुपारचं काम आहे. कुठून तरी कमांड उचलून एकामागून एक चिकटवल्या तरी तो उभा राहतो. तोच सर्व्हर उद्या सकाळी नाहीसा झाला, तर संध्याकाळपर्यंत तसाच्या तसा परत उभा करता यायला हवा. तुम्हाला शिकायचंय ते हे, आणि माझं पुढचं सगळं सांगणं याच एका गोष्टीसाठी आहे.

‘अनमॅनेज्ड’ म्हणजे नेमकं काय ते मनात पक्कं करून घ्या. कंपनी तुम्हाला वीज, नेटवर्क, हार्डवेअर आणि एक कोरी ऑपरेटिंग सिस्टिम देते. त्यापुढचं सगळं तुमचं. रात्री दोन वाजता डेटाबेस बसला आणि तुम्ही तिकीट टाकलंत, तर उत्तर येईल की आमच्या बाजूने मशीन चालू आहे. आणि ते खरंच चालू असेल.

घेताना फार डोकं शिणवू नका. लिनक्सच्या या दोन प्रकारांपैकी एक घ्या: डेबियनची चालू स्टेबल (स्थिर) आवृत्ती किंवा उबंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी). डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, उबंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. माझा स्वतःचा कल डेबियनकडे आहे, कारण तिथे न मागता बसवलेलं सामान कमी असतं. तीन वर्डप्रेस साइटसाठी २ जीबी रॅम घ्या. १ जीबीत भागतं, पण शिकणाऱ्याने त्या काटकसरीत पडू नये. वाचक महाराष्ट्रातले असतील तर डेटा सेंटर मुंबई किंवा बंगळुरूचं बघा. जर्मनीतला सर्व्हर स्वस्त पडतो, पण मुंबईहून तिथे जाऊन यायला एका फेरीला शंभर मिलिसेकंदांहून जास्त लागतात, आणि सुरक्षित कनेक्शन जुळून पानाचं पहिलं अक्षर येईपर्यंत अशा तीन-चार फेऱ्या होतात. वाचनालयाची साइट मोबाइलवर उघडणाऱ्याला तो अर्धा सेकंद जाणवतो.

बिल तासावर लावणारी कंपनी निवडा, म्हणजे सर्व्हर मोडून नवा करायला पैसे जात नाहीत. इथे बरेच जण फसतात: सर्व्हर नुसता बंद केला तरी बिल चालूच राहतं, कारण डिस्क आणि आयपी तुमच्या नावावर अडवलेले असतात. तो पुरता काढून टाकला, की मगच मीटर थांबतं.

आता शिकायची पद्धत. एक वही करा. कागदाची असो की साधी टेक्स्ट फाइल, पण ती सर्व्हरवर नको, तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर हवी. पहिल्या वेळी सर्व्हर उभा करताना प्रत्येक कमांड आणि ती का दिली याची एक ओळ लिहा. कुठली फाइल बदलली, त्यात आधी काय होतं, आता काय आहे, तेही. साइट दिसायला लागली की सर्व्हर काढून टाका. हो, चालू सर्व्हर काढून टाका. दुसऱ्या दिवशी फक्त वही समोर ठेवून परत उभा करा. कितीतरी ठिकाणी अडकाल, कारण घाईत केलेल्या दहा गोष्टी वहीत उतरलेल्याच नसतात: कुठल्या तरी फोल्डरची मालकी बदललेली, पीएचपीचं एखादं एक्स्टेन्शन नंतर टाकलेलं. त्या जागा भरा. तिसऱ्या वेळी वहीतल्या कमांड एका बॅश स्क्रिप्टमध्ये (कमांड ओळीने चालवणाऱ्या फाइलमध्ये) घाला आणि तिच्यावरून सर्व्हर उभा करा. ॲन्सिबल (सर्व्हर आपोआप उभे करणारं साधन) नंतर शिकालच, आत्ता त्याची गरज नाही. तिसरी फेरी तासाभरात पार पडली की तुमच्या मनातली भीती गेलेली असते. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकात मी हा बदल पाहिलाय. आधी तो एखादी फाइल उघडतानाही दबकत असतो, नंतर ‘बिघडलं तर परत करू’ म्हणून शांतपणे काम करतो.

पहिलं लॉगिन केल्यावर तासाभराने लॉग उघडून बघा. ‘जर्नलसीटीएल’ कमांडने एसएसएच सर्व्हिसच्या (जिच्यातून दुरून सुरक्षित लॉगिन होतं तिच्या) नोंदी काढल्या की दिसेल, तुम्ही कुणालाच पत्ता दिलेला नसताना जगभरातून लोक दार ठोठावतायत. रूट (सगळे अधिकार असलेला यूजर), ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल, पोस्टग्रेस अशी नावं आणि प्रत्येकाला शेकडो पासवर्ड. ही यंत्रं आहेत, तुमच्याशी त्यांचं वैयक्तिक वैर नाही. ती अख्खं इंटरनेट आळीपाळीने तपासत असतात. म्हणून पासवर्डने लॉगिन पहिल्याच दिवशी बंद करायचं आणि ‘ईडी२५५१९’ प्रकारची किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल, वापरायची. किल्लीला पासफ्रेज द्या आणि तिची एक प्रत घरातल्या पेन ड्राइव्हवर ठेवा.

इथे एक बारीक खोच आहे, ती नीट सांगतो. तुम्ही एसएसएचच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशन ‘नो’ कराल, सर्व्हिस रीस्टार्ट कराल आणि निश्चिंत व्हाल. पण एसएसएच एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरतं, नंतरची सोडून देतं. मुख्य फाइलच्या अगदी वरच्या भागात दुसऱ्या एका फोल्डरमधल्या छोट्या फाइली आत ओढणारी ओळ असते, आणि उबंटूच्या क्लाउड इमेजमध्ये त्या फोल्डरात बऱ्याचदा ‘क्लाउड-इनिट’ने, म्हणजे सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग भरणाऱ्या प्रोग्रॅमने, ठेवलेली फाइल असते, जिच्यात पासवर्ड ‘येस’ असतो. ती आधी वाचली जाते. तुमचा ‘नो’ खाली बिनकामाचा पडून राहतो. मी तपासलेल्या कितीतरी सर्व्हरवर मालकाला वाटत होतं पासवर्ड बंद आहे, आणि तो सताड उघडा होता. म्हणून फाइलवर विश्वास ठेवू नका. ‘एसएसएचडी’ला मोठ्या टी-चा फ्लॅग लावून चालवा, प्रत्यक्षात लागू असलेली सगळी सेटिंग ते छापून दाखवतं. त्यात ‘नो’ दिसलं, तरच झालं.

हे करताना दोन टर्मिनल उघडी ठेवा. एकात बदल करा, तिसरं नवं उघडून लॉगिन होतंय का बघा, आणि ते होईपर्यंत पहिली दोन बंद करू नका. तरीही बाहेर अडकलातच, तर कंपनीच्या वेबसाइटवर कन्सोल असतो, म्हणजे सर्व्हरला जणू मॉनिटर-कीबोर्ड जोडल्यासारखं. तो अडचण येण्याआधीच एकदा वापरून बघा. अडकल्यावर पहिल्यांदा शोधायला लागलात की हात थरथरतात.

फायरवॉलसाठी ‘यूएफडब्ल्यू’ हा प्रोग्रॅम पुरेसा आहे. एसएसएचचा आणि वेबसाठीचे ८० व ४४३, एवढेच पोर्ट (सर्व्हरची दारं) उघडे. चालू करण्याआधी एसएसएचला परवानगी दिलीय ना, ते दोनदा बघा. मग ‘एसएस’ कमांडने कोणता प्रोग्रॅम कुठल्या पोर्टवर ऐकतोय ते पाहा. मारियाडीबी या डेटाबेससमोर १२७.०.०.१ (म्हणजे फक्त सर्व्हरच्या आत) दिसायला हवं, चार शून्यं दिसली तर ती बाहेरच्या जगाला उघडी आहे. पुढे कधी डॉकरकडे (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणाऱ्या साधनाकडे) वळलात तर एवढं ध्यानात ठेवा, की डॉकर आपले नियम परस्पर लिहितं आणि त्याने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना जुमानत नाही. फायरवॉल चालू असूनही डेटाबेस बाहेर उघडा पडतो तो बहुतेक असाच. ‘फेलटूबॅन’ (वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्यांना अडवणारं) बसवायचं असेल तर जरूर बसवा, पण डेबियन १२ पासून लॉगच्या जुन्या फाइली आपोआप बनत नाहीत, सगळं जर्नलमध्ये जातं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘बॅकएंड सिस्टिमडी’ आहे ना ते बघा, नसेल तर ते सुरूच होत नाही.

अपडेटच्या बाबतीत मी आग्रही आहे. ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ हे पॅकेज चालू ठेवा, सुरक्षा अपडेट आपोआप बसू द्या. काही जण म्हणतात, आपोआप अपडेटने साइट मोडेल. सोळा वर्षांत स्टेबल आवृत्तीच्या सुरक्षा अपडेटने माझ्या साइट मोडल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे आहेत. अपडेट न केल्यामुळे घुसखोरी झालेले सर्व्हर मी त्याहून कितीतरी जास्त साफ केलेत. जुलै २०२४ मध्ये क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी ओपनएसएसएचमधली एक चूक जाहीर केली. लॉगिन न करताच रूटचा ताबा मिळवता येईल अशी ती होती. दुरुस्ती त्याच सुमारास आली, आणि आपोआप अपडेट चालू असलेल्यांना काहीच करावं लागलं नाही. तुम्ही त्या दिवशी लग्नाला गेलेले असता तर?

स्टेबल आवृत्ती का, याचंही उत्तर त्याच वर्षात आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागून त्याने ‘एक्सझेड’ या लायब्ररीत लपवलेलं चोरदार शोधून काढलं. ती आवृत्ती डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांपर्यंत पोचली होती, स्टेबलपर्यंत नाही. नवीन तेवढं हवंच असं वाटेल तेव्हा ही घटना आठवा. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला की मात्र रीबूट लागतो. महिन्यातून एक रविवार त्यासाठी ठरवा, आणि रीबूटनंतर तिन्ही साइट आपोआप वर येतात का ते स्वतः बघा.

आता जिथे नवे लोक सर्वांत जास्त अडखळतात ती जागा: मेमरी. तुमच्या शेअर्ड होस्टिंगवाल्याने साइट बंद केली, तीच गोष्ट इथे कर्नल करतो, फक्त सांगत नाही. रॅम संपली की लिनक्स एखादा मोठा प्रोसेस मारून टाकतो, आणि वर्डप्रेसच्या सर्व्हरवर तो बहुधा डेटाबेस असतो. वाचकाला दिसतं, ‘डेटाबेस कनेक्शन जोडता येत नाही’. तुम्ही डेटाबेस रीस्टार्ट करता, दोन तास चालतं, परत तेच. खरं कारण डेटाबेसमध्ये नसतंच. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ कमांडमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा, तिथे मारलेल्या प्रोसेसचं नाव आणि वेळ मिळेल.

कारण बहुतेक वेळा पीएचपी-एफपीएमच्या (वर्डप्रेसची पानं बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ‘मॅक्स चिल्ड्रन’, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस, या आकड्यात असतं. डेबियनमध्ये तो मुळात ५ असतो. साइट हळू वाटली की कुणीतरी सल्ला देतो, ५० करा. एक वर्डप्रेस प्रोसेस साठ-सत्तर एमबी खातो. दुकानाच्या साइटवर जड प्लगइन असतील तर शंभरही. पन्नास गुणिले सत्तर म्हणजे साडेतीन हजार एमबी, आणि तुमच्याकडे २०४८ आहेत. हिशोब उलटा करायचा. सिस्टिमला तीनशे, डेटाबेसला पाचशे, दोन-अडीचशे मोकळे. उरले सुमारे हजार. सत्तरने भागा, चौदा येतात. तिन्ही साइट मिळून बारा ठेवा. तेरावा वाचक काही मिलिसेकंद रांगेत थांबेल आणि त्याला पान मिळेल. पन्नासच्या सेटिंगमध्ये कुणालाच मिळालं नसतं. सोबत १ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा; ती वेग देत नाही, पण अचानक आलेल्या लाटेत सर्व्हरला श्वास घ्यायला अवधी देते.

तिन्ही साइटना वेगवेगळे लिनक्स यूजर आणि पीएचपीचे वेगवेगळे पूल (प्रोसेसचे गट) द्या. एका जुन्या प्लगइनमधून दुकानाच्या साइटमध्ये कुणी शिरलं तर वाचनालयाच्या फाइलींना हात लागता कामा नये. आणि परवानगीची अडचण आली म्हणून ‘सातशे सत्त्याहत्तर’ (सगळ्यांना सगळं करायची मुभा) कधीही देऊ नका. मालक कोण असायला हवा, याचा विचार टाळण्यासाठी लोक तो आकडा वापरतात.

वाचनालयाच्या साइटसाठी एक वेगळी सूचना, कारण मराठी मजकूर हलवताना हा घोटाळा हमखास होतो. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं. जुन्या होस्टिंगवर दहा-बारा वर्षांपूर्वी बनवलेल्या टेबलांवर ‘लॅटिन१’ (रोमन अक्षरांची जुनी पद्धत) अशी खूण असते, पण आत बाइट यूटीएफ-८ चेच असतात. जुनं सॉफ्टवेअर लिहिताना आणि वाचताना सारखीच चूक करत होतं, म्हणून पडद्यावर मराठी नीट दिसत आलं. तुम्ही नेहमीसारखा डम्प (डेटाबेसची मजकुरातली प्रत) काढलात की डेटाबेस प्रामाणिकपणे ‘लॅटिन१’चं यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करतो, आणि नव्या सर्व्हरवर पुस्तकांच्या नावांच्या जागी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांच्या रांगा दिसतात. अशा टेबलांचा डम्प ‘लॅटिन१’ सांगूनच काढायचा, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर येतात, मग डम्पच्या फाइलमधली खूण ‘यूटीएफ८एमबी४’ करून नव्या डेटाबेसात भरायचा. ‘एमबी४’ विसरू नका. मायएसक्यूएलचं (मारियाडीबी ज्यातून निघाली त्या डेटाबेसचं) जुनं ‘यूटीएफ८’ तीनच बाइट घेतं. मराठी त्यात मावते, पण कुणी प्रतिक्रियेत इमोजी टाकली तर मजकूर तिथून पुढे कापला जाऊ शकतो. आधी एकच पान हलवा, आणि त्यात ‘ऱ्ह’, ‘ळ’, ‘ॲ’ असलेले शब्द शोधून डोळ्यांनी वाचा. पन्नास पानं दुरुस्त करण्यापेक्षा एक पान तपासलेलं बरं.

बॅकअपबद्दल सांगताना मला माझी एक चूक सांगावी लागेल. खूप वर्षांपूर्वी मी एका माजी विद्यार्थी संघाची साइट सांभाळत होतो. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीतून) डेटाबेसचा डम्प निघून जीझिपमधून (फाइल लहान करणाऱ्या कमांडमधून) एका फाइलमध्ये जायचा. फोल्डर उघडलं की तारखेनुसार फाइलींची सुंदर रांग दिसायची. पुढे मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टमधला बदलायचा राहिला. त्या रात्रीपासून डम्प अयशस्वी होत होता, पण जीझिपला काहीच फरक पडत नव्हता: त्याने रिकाम्या मजकुराचीही फाइल बनवली. आणि शेलमध्ये पाइपने जोडलेल्या कमांडचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरतो, म्हणून क्रॉनच्या लेखी सगळं यशस्वी. आठ महिन्यांनी डिस्क गेली. मी फोल्डर उघडलं, फाइली सगळ्या होत्या, आणि या वेळी पहिल्यांदाच आकाराच्या रकान्याकडे लक्ष गेलं. प्रत्येक फाइल २० बाइटची. जीझिप रिकाम्या मजकुराला नेमके वीस बाइट देतं, हा आकडा मी तेव्हापासून विसरलेलो नाही. लोकांनी लिहिलेल्या आठवणी, दोन शिक्षकांवरचे श्रद्धांजलीचे लेख, सगळं त्या आठ महिन्यांतलं गेलं. थोडं लोकांच्या ईमेलमधून परत मिळालं. ज्यांनी थेट साइटवर लिहिलं होतं त्यांना मी फोन करून सांगितलं.

म्हणून स्क्रिप्टच्या वर ‘पाइपफेल’ चालू करा, म्हणजे मधली कमांड पडली तरी स्क्रिप्ट अपयश कळवेल. मायएसक्यूएलचा डम्प पूर्ण झाला की फाइलच्या शेवटी ‘डम्प कम्प्लीटेड’ अशी ओळ असते. ती आहे का ते स्क्रिप्टलाच तपासू द्या. क्रॉनमध्ये तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह वापरत असाल तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्या, नाहीतर क्रॉन ते चिन्ह ओळीचा शेवट समजतो आणि कमांड अर्धीच चालते. अपयश आलं की फोनवर संदेश यायला हवा. त्याहून चांगलं म्हणजे यश रोज कळावं आणि ते कळलं नाही तर भोंगा वाजावा, कारण मेलेला सर्व्हर अपयश कळवू शकत नाही.

आणि दर महिन्याला एकदा बॅकअपवरून नवा सर्व्हर उभा करा. वही, स्क्रिप्ट आणि कालचा डम्प, एवढ्यावर. तासाभराचं काम, काही रुपयांचं बिल. ज्या बॅकअपमधून कधी साइट उभी केलेली नाही, त्याला मी बॅकअप म्हणत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवून देणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. बॅकअपच्या एकाहून जास्त सोयी होत्या, पण ऐनवेळी कळलं की डम्प आवृत्ती न जुळल्यामुळे निघतच नव्हते, आणि अपयश कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. योगायोगाने कुणीतरी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) होता, त्यावरून ते परत उभे राहिले. हे सगळं त्यांनी स्वतःच सविस्तर लिहून जाहीर केलं, म्हणून आपल्याला शिकता आलं. एवढ्या जाणत्या लोकांकडून हे होतं, तर आपण तपासायलाच हवं.

कंपनीचा स्नॅपशॉट जरूर घ्या, पण तो एकमेव नको. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा सर्व्हरही गेला, बॅकअपही. दुसऱ्या कंपनीकडे एक प्रत ठेवा, शक्य तर आठवड्यातून एकदा घरच्या डिस्कवरही. ‘रेस्टिक’ किंवा ‘बोर्ग’ ही बॅकअपची साधनं यासाठी उत्तम आहेत. फक्त सर्व्हरवर असलेल्या किल्लीने जुने बॅकअप पुसता येणार नाहीत अशी व्यवस्था करा. नाहीतर सर्व्हरमध्ये शिरलेला माणूस आधी तेच करतो. आणि रेस्टिकचा पासवर्ड वहीत लिहा. तो हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखा.

ईमेल सर्व्हर स्वतः चालवू नका. तंत्र शिकता येतं, पण बऱ्याच कंपन्या व्हीपीएसवर ईमेल पाठवायचा पोर्ट २५ बंदच ठेवतात, आयपीचा आधीचा भाडेकरू कोण होता ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम आणखी कडक केलेत. वर्डप्रेसची पत्रं एखाद्या ईमेल सेवेतून पाठवा. एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी (पत्र खरंच तुमच्या डोमेनकडून आलंय हे दाखवणाऱ्या) मात्र स्वतः समजून घेऊन टाका.

सुरक्षित कनेक्शनसाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते आपोआप नवं करतो. पूर्वी मुदत संपत आली की त्यांचा ईमेल यायचा, तो जून २०२५ पासून बंद झालाय. त्यामुळे मुदतीवर नजर ठेवणारी एखादी बाहेरची सेवा लावा. ती तुमच्या सर्व्हरबाहेरूनच बघणारी हवी. तिलाच साइट चालू आहे का तेही तपासू द्या, आणि नुसतं पान उघडतं का एवढं नको. पानावर वाचनालयाचं नाव दिसतं का ते बघायला सांगा.

डिस्क भरणं हे दुसरं नेहमीचं दुखणं. ‘डीएफ’ने जागा बघा, आणि जागा शिल्लक दिसत असूनही ‘जागा नाही’ असं येत असेल तर त्याच कमांडला आय-चा फ्लॅग लावून आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) बघा. कॅशच्या लाखो बारीक फाइलींनी ते संपतात. घड्याळ मी यूटीसीवरच (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवतो, पण मग क्रॉनमध्ये रात्री दोन लिहिलं की आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात, आणि नेमकी लोक साइट उघडत असताना बॅकअप सुरू होतो. तुम्ही सर्व्हर भारतीय वेळेवर ठेवलात तरी चालेल, फक्त एकच काही तरी ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता तुमच्या प्रश्नातला ‘एकट्याने’ हा शब्द. काम एकट्याने होतं, जबाबदारी एकट्यावर असू नये. तुम्ही आजारी पडलात, परगावी गेलात, तर वाचनालयाने काय करायचं? वाचनालयाच्या डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर करा, तुमच्या नाही. एका पाकिटात होस्टिंग खात्याची माहिती, बॅकअप कुठे आहे ते आणि वहीची प्रत ठेवून चिटणीसांकडे द्या. बिलाचीही काळजी घ्या. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे परदेशी सेवांचे दरमहा आपोआप कापले जाणारे पैसे अनेकदा अडतात. कार्ड चालू असूनही व्यवहार नाकारला जातो, आणि काही दिवसांनी सर्व्हर बंद होतो. सहा महिन्यांचे पैसे खात्यात आधीच भरून ठेवा, सोबत अठरा टक्के जीएसटी धरून.

दोन महिन्यांनी, तीनदा मोडून उभा केल्यावर, साइट हलवायला घ्या. आधी तुमची स्वतःची. महिनाभर ती चालू द्या. मग वाचनालयाची. दुकानाची सर्वांत शेवटी, कारण तिथे ऑर्डर येतात आणि एक रविवार बंद राहिली तरी मेव्हण्याचं नुकसान आहे. हलवायच्या दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (साइटच्या पत्त्याची नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची तो आकडा) ३०० सेकंदांवर आणा. घरच्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी लिहून साइट जगाआधी तुम्ही बघा: लॉगिन करा, एक फोटो चढवा, पुस्तकांच्या यादीत मराठीतून शोध घ्या, एक ऑर्डर टाकून बघा. मग जुन्या साइटवर नवं लिहिणं थांबवा, शेवटचा डम्प आणा, डीएनएस बदला. जुनं होस्टिंग लगेच रद्द करू नका, आणखी एक महिना भरा. जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये आठवडाभर यंत्रांच्या भेटी सोडून काही दिसलं नाही, की तिथला शेवटचा बॅकअप घरच्या डिस्कवर उतरवा आणि मग खातं बंद करा.